वाफेचं इंजिन, वेस्टर्न कॉमेडी आणि क्लाराची शिट्टी

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे वाफेची यंत्रं असलेल्या वेस्टर्न कॉमेड्या आणि त्यांतल्या बायका. क्लिप शेवटी लावणार आहे, त्याआधी एक सीन नुसताच सांगते, ज्यांनी बघितलाय त्यांना लगेच आठवेल. ‘बॅक टू द फ्यूचर’चा तिसरा भाग, सिनेमा १९९० चा पण गोष्ट १८८५ मधली. टाइम मशीनमधनं भविष्यातनं आलेला डॉक ब्राउन हा शास्त्रज्ञ कॅलिफोर्नियातल्या एका गावात अडकलाय आणि पोटापाण्यासाठी लोहारकाम करतोय. त्याच्या शेडमध्ये एक अवाढव्य मशीन आहे, डॉक ते सुरू करतो आणि चाकं फिरतायत, वाफ सुटतीये, नुसता धडधडाट, आपल्याला वाटतं आता यातनं काहीतरी भयंकर बाहेर येणार, आणि येतो काय तर बर्फाचा एक मळकट खडा. तो उचलून डॉक पाहुण्याला विचारतो, आइस टी घेणार का.

मी हा सीन कितीही वेळा बघू शकते. आपल्या घरातला फ्रिज म्हणजे एक गुळगुळीत कपाट, आत काय चाललंय ते आपल्याला कळत नाही आणि कळावं असं कुणाला वाटतही नाही. डॉकच्या मशीनला काही लपवायचंच नाहीये. कुठं वाफ तयार होते, कुठं दाब वाढतो, सगळं डोळ्यांसमोर. माझे आजोबा भुसावळला लोको शेडमध्ये फिटर होते, ते म्हणायचे की वाफेचं इंजिन खोटं बोलत नाही, त्याला काय दुखतंय ते आवाजावरनं कळतं. स्टीमपंकची, म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या काळात रचलेल्या कल्पित विज्ञानकथांची, ओढ मला तिथनंच लागली असावी. हा शब्द १९८७ मध्ये के. डब्ल्यू. जेटर या लेखकानं काढला, स्वतःच्या आणि मित्रांच्या कथांना काय म्हणायचं म्हणून, पण त्यातली मजा साधीच आहे, मशीनचं पोट उघडं ठेवायचं आणि लोकांना आत डोकावू द्यायचं.

आता आजच्या विषयातला ‘वेस्टर्न’ म्हणजे पाश्चात्य नाही हं, आधीच सांगते. वेस्टर्न म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या गोष्टी, काउबॉय, शेरीफ, रेल्वेवर दरोडे, ते सगळं. आणि स्टीमपंक आणि वेस्टर्न हे दोन प्रकार नंतर कुणीतरी ओढूनताणून एकत्र केले असं बऱ्याच जणांना वाटतं पण ते तसं नाहीये. १८६८ मध्ये न्यूअर्कच्या झेडॉक डेडरिकनं गाडी ओढणाऱ्या वाफेच्या माणसाचं खरोखरचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे माणसाच्या आकाराचं इंजिन, आणि त्याच वर्षी एडवर्ड एलिस या लेखकानं तसल्याच एका वाफेच्या माणसाला गवताळ प्रदेशात फिरवणारी स्वस्तातली कादंबरी लिहिली. पुढच्याच वर्षी, १० मे १८६९ ला, युटामधल्या प्रॉमंटरी इथे सोन्याचा खिळा ठोकून पूर्वेची आणि पश्चिमेची रेल्वे जोडली गेली. त्यामुळे काउबॉय आणि वाफ पहिल्यापासून एकाच घरात वाढलेत.

मग बाई कुठं आली यात? सांगते, कारण ती कशी आली हेच मुळात इंटरेस्टिंग आहे. १९६५ मध्ये अमेरिकन टीव्हीवर ‘द वाइल्ड वाइल्ड वेस्ट’ नावाची मालिका सुरू झाली, १९६९ पर्यंत चालली. मायकेल गॅरिसन हा तिचा कर्ता, आणि त्याची कल्पना होती घोड्यावरचा जेम्स बॉन्ड. दोन सरकारी एजंट, त्यांची स्वतःची रेल्वे, बुटात चाकू, बाहीत पिस्तूल. पण बॉन्ड घेतला म्हणजे पूर्ण पॅकेजच आलं ना, एका हाताला गॅजेट आणि दुसऱ्या हाताला सुंदर मुलगी, आणि दोघांचा वापर सारखाच, वेळेला कामाला येणं आणि पुढच्या वेळी नवीन मॉडेल. हे पॅकेज जे एकदा आत शिरलं ते पुढे तीसेक वर्षांनी सिनेमा काढला तेव्हाही कुणी उघडून तपासलं नाही.

तो सिनेमा १९९९ चा, ‘वाइल्ड वाइल्ड वेस्ट’, दिग्दर्शक बॅरी सोनेनफेल्ड, विल स्मिथ आणि केविन क्लाइन एजंट, केनेथ ब्रॅना खलनायक, सलमा हायेक नायिका. सुमारे १७ कोटी डॉलर खर्च झाला असं सांगतात. सडकून टीका झाली, सर्वात वाईट सिनेमांना देतात ते रॅझी पुरस्कार पाच मिळाले आणि मूळ मालिकेतला नायक रॉबर्ट कॉनरॅड स्वतः स्टेजवर येऊन पुरस्कार घेऊन गेला, कारण आपल्या मालिकेचं जे केलं ते त्याला अजिबात पटलं नव्हतं. पण मी या सिनेमाला फेकून द्यायला तयार नाहीये, त्यातली यंत्रं बघण्यासारखी आहेत. मोठा लोखंडी कोळी, आठ पायांचा, वाळवंटातनं चालत येतो तेव्हा त्याच्या प्रत्येक पायाला वजन आहे, सांधे दिसतात, धूर दिसतो. डॉक्टर लव्हलेस हा खलनायक म्हणजे अमेरिकेतल्या यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेचा माणूस, कमरेखालचं शरीर गेलेलं, वाफेच्या खुर्चीत बसून फिरतो. ती खुर्ची बघताना त्याचा राग, त्याचा अपमान, त्याचं सगळं मागचं आयुष्य आपल्याला दिसतं, एवढं काम एका खुर्चीनं केलंय.

आणि सलमा हायेकची रीटा? ती भेटते तेव्हा पिंजऱ्यात असते. मग रेल्वेत येते. सांगते की लव्हलेसनं पळवलेल्या शास्त्रज्ञांमध्ये माझे वडील आहेत. एका सीनमध्ये ती पाठ फिरवते आणि तिचा रात्रीचा पोशाख मागनं उघडा असतो, दोघं एजंट बघत राहतात, जोक तेवढाच. मग लव्हलेस तिला पळवतो, मग ती सुटते, आणि शेवटी कळतं की ते वडील नव्हते, नवरा होता. आता जरा थांबून विचार करा, ही बाई नवऱ्याला सोडवायला एकटी निघालीये, शत्रूच्या घरात घुसलीये, मदत मिळावी म्हणून दोन सरकारी एजंटांना अख्खा सिनेमाभर गंडवलंय. खरंतर सगळ्यात हुशार हेर तीच की! पण सिनेमा तिच्या बाजूनं एक मिनिटसुद्धा बघत नाही, आपल्याला ते कळतं तेव्हा त्या दोघांचे पडलेले चेहरे दाखवतात आणि गाडी पुढे जाते. कोळ्याचा गुडघा कसा वळतो ते मला माहितीये, रीटा काय विचार करत होती ते माहीत नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण गोष्ट तिथे होती, लिहिलेली होती, फक्त कुणी डोकावलं नाही.

लव्हलेसच्या हाताखाली बायका आहेत त्यांचंही तेच. मिस ईस्ट, म्युनिशिया, अ‍ॅमेझोनिया, आणि एक मिस लिपेनरीडर जी लांबनं ओठ वाचते, म्हणजे नावातच जोक संपला. शस्त्रं त्यांच्याकडे आहेत, कामाच्या त्याच आहेत, तरी त्या का तिथे आहेत, या माणसाबरोबर कशाला, काही नाही.

पार्टीतला सीन आठवा. विल स्मिथला वाटतं की समोरची बाई म्हणजे वेषांतर केलेला आपला जोडीदार, म्हणून तो तिच्या छातीवर ठोकून बघतो, आणि ती निघते खरीच बाई, मग लोक त्याला फासावर चढवायला निघतात. गोऱ्या बाईला हात लावला म्हणून काळ्या माणसाला फासावर देणं ही त्या काळची खरी भयानक गोष्ट आहे, तिच्यावर हलकाफुलका जोक करणं मला झेपत नाही. शेवटी तर नायक स्वतः नाचणारीचा वेष घेतो आणि त्या नकली छातीतनं ज्वाळा निघतात. बाईचं शरीर इथे अक्षरशः गॅजेट झालंय.

कॉर्सेटबद्दल, म्हणजे बायकांची कंबर आवळून धरणाऱ्या त्या कपड्याबद्दल, बोलायला पाहिजे, स्टीमपंकचं नाव काढलं की कपड्यांवर चढवलेला तो आवळ कॉर्सेट आणि गॉगल डोळ्यांसमोर येतो. आता हे ऐका. १८६० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये एडविन इझॉड नावाच्या कारखानदारानं कॉर्सेट वाफेवर घडवायची पद्धत काढली, म्हणजे बाईच्या धडाचा तांब्याचा साचा, त्यावर खळ लावलेला ओला कॉर्सेट चढवायचा, साच्यात वाफ सोडायची, कापड वाळलं की तो आकार पक्का. आधी तांब्याची बाई, मग तिच्या मापाचं कापड, आणि खऱ्या बाईनं श्वास आवरून त्यात बसायचं. मला वाटतं अख्ख्या स्टीमपंकमध्ये याच्यापेक्षा जबरदस्त वस्तू कुणाला सुचलेली नाही आणि ही तर खरी आहे, आणि बाई आणि वाफ यांचा खरा संबंध तिच्यात जेवढा दिसतो तेवढा कुठल्या लोखंडी कोळ्यात दिसत नाही. पण या कॉमेड्यांमध्ये कॉर्सेट म्हणजे नुसती शोभा, त्याची यंत्रणा कुणी उघडून दाखवत नाही.

‘त्या काळात बायका यंत्रांपासून लांबच होत्या, मग दाखवणार कुठनं’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. लांब नव्हत्या. मार्गारेट नाइट ही कापडगिरणीत वाढलेली मुलगी, तिनं सपाट बुडाची कागदी पिशवी बनवायचं मशीन तयार केलं. चार्ल्स अ‍ॅनन नावाच्या माणसानं ते वर्कशॉपमध्ये बघितलं आणि स्वतःच्या नावावर पेटंट मागितलं. ती लढली, तिची चित्रं, तिच्या नोंदी पुढे ठेवल्या, आणि १८७१ मध्ये पेटंट तिलाच मिळालं. वाणसामानाच्या दुकानात मिळते ती खाकी पिशवी, तिच्या बुडाची घडी बघा कधीतरी उलगडून, ती घडी मशीनला शिकवणारी बाई आहे ही. आणि १८६९ साल, म्हणजे नेमकं ज्या वर्षी तो कोळीवाला सिनेमा घडतो, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या वायोमिंग प्रांतानं बायकांना मतदानाचा हक्क दिला, आणि १८७० मध्ये तिथल्या साउथ पास सिटी नावाच्या खाणगावात एस्थर मॉरिस न्यायदंडाधिकारी झाली. एका खाणगावात, दारूड्यांच्या आणि मारामाऱ्यांच्या केसेस समोर, एक मध्यमवयीन बाई! यात कॉमेडी नाही असं कोण म्हणेल, भरपूर आहे.

वाफ बाजूला ठेवली तर वेस्टर्न कॉमेडीनं बायकांना कधी संधीच दिली नाही असंही नाही. ‘कॅट बॅलू’, १९६५, जेन फोंडा. ही शिक्षिका व्हायला निघालेली मुलगी, रेल्वेत बसून कवितांच्या पुस्तकात लपवून बंदूकवाल्याची स्वस्तातली कादंबरी वाचतीये, आणि पुढे स्वतःच रेल्वे लुटते. ऑस्कर मात्र ली मार्विनला गेलं, दारुड्या बंदूकवाल्याच्या कामासाठी. ‘ब्लेझिंग सॅडल्स’मध्ये मॅडलिन कान आहे, १९७४, नाचगाण्याच्या बाईचं काम, ती स्टेजवर येऊन आपण किती दमलोय याचंच गाणं म्हणते, आणि ते इतकं नेमकं दमलेलं आहे की हसता हसता तिची कीव येते. तिलाही ऑस्करचं नॉमिनेशन होतं. या दोघींवर आपण हसतो ते त्यांच्याबरोबर हसतो, कारण त्यांना काय हवंय ते आपल्याला माहीत असतं.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलानं विचारलं की मॅडम कॉमेडी आहे, एवढं कशाला मनावर घ्यायचं. चांगला प्रश्न आहे. पण बर्फाच्या खड्यावर आपण का हसलो? आपण मशीन आतनं बघितलं म्हणून, केवढी खटपट आणि केवढासा खडा, हे डोळ्यांनी दिसलं म्हणून. आत बघायला मिळालं की हसू वाढतं, हा तर सरळ कॉमेडीचाच फायदा आहे, आणि तो फायदा रीटाच्या वाट्याला आला असता तर मी म्हणते सिनेमासुद्धा चालला असता.

आता क्लारा. ‘बॅक टू द फ्यूचर’च्या तिसऱ्या भागातली शिक्षिका, मेरी स्टीनबर्जननं केलीये. खरंतर तिची घोडागाडी दरीत कोसळून ती मरायची होती, आणि पुढच्या शंभर वर्षांत तिचं फक्त नाव उरणार होतं, त्या दरीचं नाव म्हणून. डॉक तिला वाचवतो, ठीक आहे, नेहमीचं आहे. पण मग ती एक दिवस डॉकच्या शेडवर दुर्बीण घेऊन येते दुरुस्तीला, आणि भिंगाचं काय बिघडलंय, कुठं फिरवलं की धूसर होतं आणि कुठं स्पष्ट, हे तीच त्याला दाखवते. अकरा वर्षांची असताना तिला घटसर्प झाला होता, तीन महिने खोलीत एकटं ठेवलं होतं, तेव्हा वडिलांनी ही दुर्बीण आणून पलंगाशेजारी लावली, खिडकीतनं बाहेरचं सगळं दिसावं म्हणून. दोन वाक्यं आहेत ही, बस, आणि तेवढ्यात आजारी मुलगी, ती खोली, खिडकी, सगळं उभं राहतं. ती ज्युल व्हर्न वाचते, ज्याला आपल्याकडे भा. रा. भागवतांनी मराठीत आणलं आणि आपण शाळेत असताना पुस्तक फाटेपर्यंत वाचलं, आणि डॉकशी तिचं जुळतं ते व्हर्नवरनंच.

आणि तिचे हात बघा. गाव सोडून निघालेली असताना डब्यात कुणीतरी एका प्रेमभंग झालेल्या माणसाबद्दल बोलतं, तिला कळतं हा डॉकच, आणि ती साखळी ओढते, अख्खी गाडी थांबवते. शेडवर येते, तिथे टाइम मशीनचं छोटं मॉडेल दिसतं, ते बघून तिला समजतं की आपण भविष्यातनं आलोय असं सांगणारा हा माणूस खोटं बोलत नव्हता. मग घोड्यावरनं पाठलाग आणि धावत्या इंजिनावर उडी. डॉक तिकडे पुढे बॉयलरच्या कडेनं सरकत चाललाय, हाका मारून आवाज पोचत नाहीये, बॉयलरचा दाब वाढत चाललाय. पुढे तिचा झगा अडकतो आणि ती उलटी लटकते आणि परत तिला वाचवायला लागतं, ते मला आजही आवडत नाही, म्हणून क्लिप मी त्याच्या आधीच तोडलीये. तुम्ही फक्त एवढं बघा की ती इंजिनात शिरल्यावर इकडेतिकडे बघते, तिला दोरी दिसते, आणि ती शिट्टी वाजवते.

दिवे बंद करा जरा. आवाज थोडा वाढवा, शिट्टी मोठ्यानं ऐकू आली पाहिजे.