राणीवशातलं विष आणि ते ओळखणारी मुलगी

(दृश्य: उंच तटबंदी, लाल खांबांची दालनं, तळ्यावरचा पूल.)

या राजवाड्यात बाळं जगत नाहीत. बादशहाची मुलं एकामागून एक तान्हेपणीच दगावली आहेत, आणि आता उरलेली दोन्ही आजारी आहेत. दासी म्हणतात, हा शाप आहे. राजवैद्यानं हात टेकलेत. लिहुआ राणीला वाटतं, ग्योकुयो राणीनंच करणी केली, आणि चारचौघांत ती तिच्या थोबाडीत मारते.

बघ्यांच्या गर्दीत कपडे धुणाऱ्या दासींपैकी एक मुलगी उभी आहे. नाव माओमाओ. ती बाळांकडे बघत नाही, शापाचा विचार करत नाही. तिचं लक्ष लिहुआच्या चेहऱ्यावरच्या पांढऱ्याशुभ्र सफेद्याकडे आहे.

ही ‘द अपोथेकरी डायरीज’ या जपानी ॲनिमे मालिकेची सुरुवात. नात्सु ह्युगा यांनी ही कथा 2011 मध्ये इंटरनेटवर लिहायला घेतली. पुढे तिची पुस्तकं निघाली, 2017 मध्ये तिच्यावर एक सोडून दोन वेगवेगळ्या मांगा (जपानी चित्रकथा) सुरू झाल्या, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये ती पडद्यावर आली. पहिल्या पर्वाचे दिग्दर्शक नोरिहिरो नागानुमा, माओमाओचा आवाज आओई युकी यांचा. कथेतला देश काल्पनिक आहे. पोशाख आणि दरबार बघून चीनच्या तांग काळाची आठवण होते, पण याच राजवाड्यात अमेरिकेतून जगभर गेलेला कोकोसुद्धा सापडतो. त्यामुळे इतिहासाची वही घेऊन बसू नका. औषधांची वही मात्र जरूर घ्या, कारण या मालिकेतली विषं खरी आहेत.

(सूचना: इथून पुढे पहिल्या पर्वातली काही रहस्यं उघड होणार आहेत.)

माओमाओ वाढली गणिकांच्या वस्तीत. वडील लुओमेन वैद्य, त्यांच्या हाताखाली ती शिकली. जंगलात जडीबुटी गोळा करायला गेली असताना तिला पळवून राणीवशात विकलं. तिच्या पगारातला वाटा त्या पळवणाऱ्यांना जातो, म्हणून आपल्याला लिहिता-वाचता येतं हे ती लपवून ठेवते. पगार वाढला तर फायदा त्यांचाच! पण बाळांचं कारण कळल्यावर तिला गप्प बसवत नाही. कापडाच्या पट्टीवर ती लिहिते, की सफेदा विष आहे, बाळाला त्याला हात लावू देऊ नका. ती पट्टी फुलांच्या फांदीला बांधून दोन्ही राण्यांच्या खिडकीत ठेवून येते. नाव नाही, गाव नाही.

ग्योकुयो ते मनावर घेते. तिची मुलगी वाचते. लिहुआचा मुलगा जातो.

(दृश्य: आरसा, सफेद्याची डबी, मऊ कुंचला.)

आता जरा राजवाड्याबाहेर, खऱ्या जपानमध्ये जाऊ.

शिशापासून केलेला सफेदा तिथं शतकानुशतकं वापरात होता. स्वस्त, चोपून बसणारा, चेहरा एकसारखा गोरा करणारा. 1887 मध्ये मेइजी सम्राटापुढे काबुकी या पारंपरिक जपानी नाट्याचा प्रयोग चालू असताना नाकामुरा फुकुसुके या नामवंत नटाचे पाय थरथरू लागले, आणि बोट सफेद्यातल्या शिशाकडे दाखवलं गेलं. नट तरी मोठी माणसं. त्याच काळात तान्ह्या मुलांना एक विचित्र आजार होत होता. उलट्या, आकडी, मेंदूला सूज. डॉक्टर त्याला मेंदूज्वरासारखं काहीतरी म्हणत, पण मूळ सापडत नव्हतं. 1923 मध्ये क्योतोचे बालरोगतज्ज्ञ इकुतारो हिराई यांनी कारण मांडलं: मातांच्या सफेद्यातलं शिसं. मान, गळा, छातीपर्यंत लावलेली ती पूड बाळ अंगावर पिताना चाटत होतं. शिशाचा सफेदा जपानच्या बाजारातून हटायला त्यानंतरही 1930 च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली.

म्हणजे पहिल्या भागातलं रहस्य लेखकाच्या डोक्यातून निघालेलं नाही. ते खऱ्या घरांत घडलेलं आहे. आणि त्यात मारेकरी कोण? बाळाला कुशीत घेणारी आई, तिला नटवणारी दाई. यातल्या कुणालाही त्या बाळाचं वाईट करायचं नव्हतं. माझ्या मते ही मालिका इतर रहस्यकथांपासून वेगळी होते ती इथंच. खुनी शोधण्याआधी ती विचारते, हे कुणाला माहीत होतं, आणि त्याचं कुणी ऐकलं का?

याचं सगळ्यात जळजळीत उत्तर चौथ्या भागात मिळतं. मूल गमावलेली लिहुआ अंथरुणाला खिळली आहे. बादशहाच्या हुकमानं माओमाओ तिच्या सेवेला येते. पेज करून देते, तर महालातल्या दासी ती उधळून लावतात, राणीला असलं गरिबाघरचं खाणं कशाला म्हणून. मग कळतं, की सफेद्यावर बंदी आलेली असूनही एक दासी लपवलेला सफेदा मरणाच्या दारातल्या राणीला लावतेच आहे. का, तर राणी सुंदर दिसायला हवी. एरवी थंड डोक्याची माओमाओ इथं कडाडते आणि तो सफेदा त्या दासीच्याच डोक्यावर ओतते. आओई युकी यांचा आवाज या प्रसंगात ऐकाच. त्या रागात तुच्छता नाही, वैद्याची तळमळ आहे. आणि मग चीड बाजूला ठेवून ती पुन्हा पेजेचा चमचा हातात घेते. लिहुआ वाचते ती त्या पेजेनं, वाफेनं आणि रोजच्या चिकाटीनं.

(दृश्य: मधाचं भांडं, लाकडी चमचा.)

पर्वाच्या मध्यावर येतो मध. आदुओ या ज्येष्ठ राणीचं बाळ फार वर्षांपूर्वी दगावलेलं असतं. माओमाओ धागे जुळवत जाते, आणि धागा थांबतो तो राणीच्या सर्वांत निष्ठावंत दासीपाशी, फेंगमिंगपाशी. तिनं बाळाला मायेनं मध चाटवला होता. मधात बोट्युलिझम या विषबाधेच्या जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या पोटात त्यांचं काही चालत नाही, वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतात आणि विष तयार करतात. डॉक्टरांनाही तान्ह्या बाळांमधला हा आजार ओळखू आला तो 1976 मध्ये, अमेरिकेत. जपान सरकारनं वर्षाखालच्या बाळांना मध न देण्याची सूचना 1987 मध्ये काढली. फेंगमिंगला हे कुठून ठाऊक असणार? पण सत्य कळल्यावर ती आपल्या राणीपासून ते लपवण्यासाठी विषप्रयोगापर्यंत जाते, आणि तिथं अजाणतेपणाचा गुन्हा होतो.

आपल्याकडेही नवजात बाळाला मधाचं बोट लावायची रीत कितीतरी घरांत आहे. बालरोगतज्ज्ञ पहिलं वर्ष मध नको म्हणून बजावतात, ते याच बीजाणूंमुळे. घरात तान्हं बाळ असेल, तर हा भाग आजीला शेजारी बसवून बघा. रागवायला नव्हे. तिनं जे केलं ते मायेनंच केलं होतं, हे फेंगमिंगची गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा चांगलं समजावते.

आणि त्या जुन्या प्रकरणाची शिक्षा कुणाला झाली? तेव्हाच्या राजवैद्याला. गुडघ्याची वाटी काढून त्यांना हाकलून दिलं. ते वैद्य म्हणजे लुओमेन, माओमाओचे वडील. राजवाड्यातलं खरं ज्ञान होतं ते असं वेशीबाहेर गेलं, आणि राणीवशात उरला तो घाबरट, नावापुरता वैद्य. बाळं का जगत नाहीत, याचं अर्धं उत्तर इथं आहे.

बाकी गमतीही भरपूर आहेत. उद्यानातल्या मेजवानीत माओमाओ सूप चाखते, गालांवर लाली चढते, डोळे सुखानं मिटतात. बघणाऱ्यांना वाटतं, काय चविष्ट असेल! मग ती तोंड पुसून शांतपणे सांगते, यात विष आहे. पुढे पांढऱ्या गुलाबाच्या देठांना रंगीत पाणी पाजून ती निळे गुलाबही फुलवते. हा प्रयोग घरी पांढऱ्या फुलावर कुणीही करून बघावा.

(दृश्य: बैलगाड्यांची रांग, व्यापाऱ्यांचा तळ.)

दुसरं पर्व जानेवारी 2025 मध्ये आलं. परदेशी व्यापाऱ्यांचा तांडा राणीवशात अत्तरं, सुगंधी तेलं घेऊन येतो. पुन्हा साजशृंगार, आणि पुन्हा त्यातले काही पदार्थ गरोदर बाईला घातक. या वेळी माओमाओला निनावी चिठ्ठी लिहावी लागत नाही. ती जिन्शीला सरळ सांगते, आणि राणीवशाचा हा कारभारी ऐकतो.

त्याहून मोठी गोष्ट जिन्शी पुढे करतो: दासींसाठी शाळा काढतो. माओमाओची बडबडी मैत्रीण शाओलान काडीनं मातीत अक्षरं गिरवायला लागते. तिच्या कराराची मुदत संपत आली आहे, घरी परतायची सोय नाही. बाहेर पडल्यावर पोटापाण्याला काहीतरी लागेल, म्हणून ती शिकते आहे. पुढचे भाग बघताना विषांइतकंच लक्ष या शाओलानवर ठेवा.