शांत पाण्याचे वाटेकरी
(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: पहाट. तलावावर धुकं. लांबून लून पक्ष्याची हाक.]

जूनचा महिना, सकाळचे साडेपाच. हे अमेरिकेच्या उत्तरेकडचं मिनेसोटा राज्य. दहा एकरांहून मोठे असे 11,842 तलाव या एका राज्यात आहेत. त्यांतल्याच एका लहानशा तलावाच्या काठावर आपण उभे आहोत. वारा पडलेला आहे. पाण्यावर एक सुरकुती नाही.

या पाण्यावर आत्ता बऱ्याच जणांची नजर आहे. डावीकडे छोट्या होडीतले गृहस्थ गळ टाकून वॉलाय माशाची वाट बघत बसलेत. लव्हाळ्यात, अगदी पाण्याच्या कडेला, लून या पाणपक्ष्याचं घरटं आहे. काठावरच्या घरांतली माणसं खिडक्या उघड्या ठेवून अजून झोपलेली आहेत. आणि इकडे धक्क्यावर वॉटर स्कीइंग क्लबची मंडळी वेटसूट चढवतायत. वॉटर स्कीइंग म्हणजे पायात लांब फळ्या, म्हणजे स्की, अडकवायच्या आणि बोटीला बांधलेली दोरी धरून पाण्यावरून घसरत जायचं.

हवी आहे ती सगळ्यांना एकच गोष्ट: शांत पाणी. आणि तेही याच वेळेला.

[दृश्य: स्लॅलम कोर्स, वरून. एक स्कीअर बोयांना वळसे घालतो. मंद गती.]

हा स्लॅलम कोर्स. लांबी 259 मीटर. बोट मधून सरळ जाते, आणि स्कीअरने एकाच स्कीवर दोन्ही बाजूंच्या सहा बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणांना, बाहेरून वळसा घालायचा. प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटर दूर. पुरुषांच्या स्पर्धेत बोटीचा वेग ताशी 58 किलोमीटर. संपूर्ण फेरी सोळा सेकंदांत आटोपते. या वेगात स्कीखाली वीतभर लाट आली तरी पाय उखडतो.

म्हणून तलावावरच्या लाटांचा सगळ्यात जास्त त्रास कोणाला होत असेल, तर तो स्कीअरलाच. काठावरच्या लोकांना हे सांगून पटत नाही. त्यांच्या लेखी स्कीअर म्हणजे इंजिनाची घरघर, मोठ्याने लावलेली गाणी आणि धक्क्याला बांधलेली होडी आपटवणाऱ्या लाटा. ही प्रतिमा आपोआप तयार झालेली नाही. काही जण खरंच तसं वागतात, आणि बोल सगळ्यांना लागतो. ती पुसायची तर पाण्यावर वागूनच पुसावी लागेल, असं या क्लबच्या मंडळींचं ठाम मत आहे. आमचंही.

[दृश्य: लेक पेपिन. रुंद पाणी, दोन्ही बाजूंना कडे. लेक सिटीचा किनारा.]

सुरुवात अशी नव्हती.

मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन या दोन राज्यांच्या मधून मिसिसिपी वाहते. चिपेवा नदीने आणून टाकलेल्या गाळामुळे तिचा प्रवाह इथे अडला आणि पात्र पसरून लेक पेपिन तयार झाला. जवळपास 35 किलोमीटर लांब. त्याच्या काठावर लेक सिटी नावाचं गाव आहे, आणि या गावात 1922 साली राल्फ सॅम्युअलसन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा राहत होता.

त्याचा प्रश्न साधा होता. बर्फावर स्की चालते, मग पाण्यावर का चालू नये? आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या. बुडाला. मग बर्फावरच्या स्की आणल्या. पुन्हा बुडाला. शेवटी त्याने लाकडाच्या दोन फळ्या घेतल्या, आठ फूट लांब, नऊ इंच रुंद. त्यांची टोकं आईच्या कपडे उकळायच्या हंड्यात शिजवून मऊ केली आणि वर वाकवली. पाय अडकवायला मधोमध चामड्याचे पट्टे ठोकले. खिडकीच्या तावदानांना वापरतात ती दोरी शंभर फूट आणली. धरायला लोखंडी कडी. बोट चालवायला मोठा भाऊ बेन.

[दृश्य: जुन्या पद्धतीच्या लाकडी स्कीची जोडी, जवळून. वाकलेली टोकं, चामड्याचे पट्टे.]

कितीतरी वेळा तो पाण्यात पडला. टोकं पाण्याखाली किंवा पाण्याच्या पातळीला राहिली की बोट त्याला खाली ओढायची. 2 जुलै 1922 रोजी, एकोणिसावा वाढदिवस एका दिवसावर आलेला असताना, त्याने मागे रेलून स्कीची टोकं पाण्याच्या वर काढली. बेनने बोट पुढे घेतली आणि राल्फ उभा राहिला. आजही पहिल्या दिवशी शिकणाऱ्याला हेच सांगतात: मागे रेला, टोकं वर.

पुढे गावातली माणसं किनाऱ्यावर जमून त्याचे खेळ बघू लागली. 1925 मध्ये त्याने पोहणाऱ्यांसाठीचा तरंगता मचाण तिरका केला, त्यावर चरबी फासली आणि स्कीवरून पहिली उडी मारली. त्याच वर्षी तो पाण्यावरून उडणाऱ्या विमानाच्या मागे, ताशी सुमारे 130 किलोमीटर वेगाने ओढला गेला. त्याने पेटंट घेतलं नाही. नंतर तो टर्की पाळू लागला आणि लोक त्याला विसरले. अमेरिकन वॉटर स्की असोसिएशनने त्याला पहिला वॉटर स्कीअर म्हणून मान्यता दिली ती थेट 1966 साली. लेक सिटी मात्र अजून दर जूनच्या अखेरीस ‘वॉटर स्की डेज’ साजरे करतं.

या सगळ्या गोष्टीत एक बाब आम्हाला महत्त्वाची वाटते. त्या काळी पाण्यावरचा स्कीअर आणि काठावरचा माणूस एकाच बाजूला होते. गाव त्याचं कौतुक करायला किनाऱ्यावर येत होतं.

[दृश्य: विस्कॉन्सिन. संध्याकाळ. गवतावर घडीच्या खुर्च्या. पाण्यावर स्कीअरांचा मानवी मनोरा.]

ते नातं काही ठिकाणी टिकलंय. विस्कॉन्सिनमध्ये उन्हाळ्यात गावोगावचे क्लब आपापल्या तलावावर खेळ करतात. बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. बोटीच्या मागे, एकमेकांच्या खांद्यांवर उभं राहून मनोरा रचतात, अगदी वरती लहान मुलगी. खालच्या थरातला माणूस आठवडाभर कुठे दुकान चालवतो, कुठे शाळेत शिकवतो. ज्याला लोक नावाने ओळखतात, त्याच्याबद्दल तक्रार करण्याआधी त्याच्याशी बोलतात.

[दृश्य: पुन्हा पहिला तलाव. सात वाजलेत. बोट धक्क्यापासून सुटते.]

मिनेसोटाच्या कायद्याने सूर्योदयापासून स्कीइंग करता येतं. या क्लबने मात्र सातच्या आधी इंजिन सुरू करायचं नाही, असं स्वतःहून ठरवलंय. कारण हवेत आहे. पहाटे पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असते. अशा वेळी आवाज वर निघून जात नाही, वाकून परत खाली येतो आणि पाण्यावरून लांबवर पोहोचतो. लांबच्या बोटीतलं बोलणंही अंथरुणात ऐकू येतं.

बोट बघा. मागे लाट जवळजवळ नाही. याला इथे ‘स्लो नो-वेक’ म्हणतात: सुकाणू हातात राहील इतकाच, कमीत कमी वेग. मिनेसोटात त्याची कमाल मर्यादा ताशी पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. विस्कॉन्सिनमध्ये तर तलावाच्या काठापासून शंभर फुटांच्या आत मोटरबोटीने याच वेगाने जायचं, असा राज्याचा नियम आहे. गळवाल्या गृहस्थांच्या होडीजवळून जाताना चालक बाई वेग वाढवत नाहीत. हात करतात. ते हात करतात.

[दृश्य: बोटीत मागे तोंड करून बसलेला स्पॉटर. स्कीअरच्या खुणा, एकेक.]

मागे तोंड करून बसलाय तो स्पॉटर. चालकाची नजर पुढे, याची स्कीअरवर. मिनेसोटात असा दुसरा माणूस बोटीत हवा, नाहीतर मागचं सगळं दिसेल असा रुंद आरसा हवा. इंजिनाच्या आवाजात बोलणं पोहोचत नाही, म्हणून सगळं खुणांवर चालतं. अंगठा वर: वेग वाढव. अंगठा खाली: कमी कर. गळ्यावरून हात फिरवला: थांब. डोक्यावर थाप: धक्क्यावर परत चल.

[दृश्य: स्कीअर पडतो. फवारा. दोन्ही हात डोक्यावर जुळलेले. स्पॉटर नारिंगी झेंडा वर करतो.]

पडला की दोन्ही हात डोक्यावर जुळवून दाखवायचे: मी ठीक आहे. स्पॉटर झेंडा वर धरतो, म्हणजे इतर बोटींना कळावं की पाण्यात माणूस आहे. कॅलिफोर्नियात हा झेंडा कायद्यानेच सक्तीचा आहे.

आता चालक काय करतात ते नीट बघा, कारण आमच्या मते या चित्रफितीतली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे. माणूस पडला की नवशिका चालक घाबरून भर वेगात बोट गर्रकन वळवतो. त्या वळणातून लाटांचं कडं उठतं. ते चारी बाजूंना जातं, काठावर आपटतं, परत येतं, आणि पुढची दहा मिनिटं कोणालाच सरळ पाणी मिळत नाही. या बाईंनी आधी वेग पूर्ण उतरवला, बोट पाण्यात बसू दिली, आणि मग हळू वळवली. स्कीअर पाण्यात सुरक्षित आहे, त्याने खूणही केली आहे. घाईचं कारणच नाही. जवळ येताना तो चालकाच्या बाजूला राहील असं बघायचं, आणि तो शिडीला हात लावण्याआधी इंजिन बंद. फिरत्या पंख्याजवळ माणूस येता कामा नये, यात तडजोड नाही.

[दृश्य: ड्रोनमधून. बोटीची वाट पाण्यावर उमटलेली.]

वरून पाहिलं की बोटीची वाट डंबेलच्या आकाराची दिसते. तलावाच्या मधोमध एक सरळ रेषा, दोन्ही टोकांना लहान वळणं, आणि परत त्याच रेषेवर. लाटा बाजूला सरकतात आणि काठापर्यंत जाता जाता विरतात. गोल गोल फिरत राहिलं तर आपल्याच लाटांवर आपण आदळतो, आणि काठाचीही सुटका नाही. शेजाऱ्याच्या सोयीची वाट आणि उत्तम स्कीइंगची वाट इथे एकच आहे, आणि चालक ती शिकला की त्याला दुसऱ्या तऱ्हेने बोट चालवावीशीच वाटत नाही.

[दृश्य: लून घरट्यावर. नंतर पाण्यात, पाठीवर पिल्लू.]

लून हा मिनेसोटाचा राज्यपक्षी, 1961 पासून. त्याचे पाय शरीराच्या फार मागे असतात. पाण्यात तो तरबेज, जमिनीवर नीट चालता येत नाही. म्हणून घरटं पाण्याला टेकूनच बांधतो. मोठी लाट आली की अंडी भिजतात किंवा वाहून जातात. या काठापासून बोटी दूर ठेवतात.

[दृश्य: दुसरा तलाव, दुपार. वेकसर्फिंगची बोट, मागे उंच लाट. काठावर पाणी गढूळ.]

ही वेगळी बोट आहे, आणि काठावरून बघणाऱ्याला फरक कळत नाही म्हणून तो सांगायलाच हवा. स्कीची बोट वेगात पाण्यावर उचलली जाते आणि मुद्दाम लहान लाट सोडते. वेकसर्फिंग म्हणजे बोटीमागच्या लाटेवर एका फळीवर उभं राहून तरंगत जाणं. त्याची बोट हळू चालते, पोटात पाणी भरून मागचा भाग खाली दाबते, आणि मुद्दाम मोठी लाट उठवते. मिनेसोटा विद्यापीठाच्या सेंट अँथनी फॉल्स प्रयोगशाळेने 2022 मध्ये मोजमापं प्रसिद्ध केली. साध्या बोटीची लाट दोनशे फुटांवर जेवढी उरते, तेवढी व्हायला वेकसर्फिंगच्या लाटेला पाचशे फुटांहून जास्त अंतर लागतं. व्हरमाँट राज्याने 2024 पासून अशा खेळांना काठापासून किमान पाचशे फूट अंतर आणि वीस फूट खोली बंधनकारक केली.

वेकसर्फिंग करणारी मंडळीही आपल्यातलीच, बऱ्याचदा एकाच घरातली. त्यांना वाळीत टाकून काही साधणार नाही. या व्यवसायातल्या संघटनेची ‘वेक रिस्पॉन्सिबली’ ही मोहीम तीन गोष्टी सांगते: काठापासून निदान दोनशे फूट लांब राहा, गाणी हळू लावा, एकाच जागी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारू नका. मोठ्या लाटांसाठी दोनशे फूट पुरत नाहीत, हे आता मोजून झालंय. तेवढी दुरुस्ती करून बाकी दोन गोष्टी जशाच्या तशा पाळाव्यात.

[दृश्य: विंडरमिअर, इंग्लंड. शिडाच्या होड्या.]

इंग्लंडच्या विंडरमिअर तलावावर 29 मार्च 2005 पासून ताशी दहा मैलांची मर्यादा आहे. तिथलं वॉटर स्कीइंग त्याने संपलं.

[दृश्य: बोट रॅम्पवर. ट्रेलर. हात पंख्याभोवतीचं शेवाळ काढतात.]

सराव संपला. बोट बाहेर काढली की काम सुरू होतं. आधी पंख्यात, ट्रेलरच्या खाचांत अडकलेली पाणवनस्पती काढायची. मग बुडातलं बूच काढून सगळं पाणी सोडायचं. मिनेसोटात बूच लावून बोट रस्त्याने नेणं हा गुन्हा आहे. मग बोट वाळू द्यायची. कारण झेब्रा शिंपला. 1988 मध्ये तो अमेरिका आणि कॅनडाच्या मधल्या लेक सेंट क्लेअरमध्ये सापडला, आणि आता लेक पेपिनमध्येही आहे. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि बोटीत उरलेल्या पाण्यातून पुढच्या तलावात पोहोचतात. तलावात एकदा शिरलेला हा शिंपला पुन्हा निघत नाही.

[दृश्य: क्लबचे दोन कुमार सदस्य काठावरच्या घरांच्या दारात कागद देत आहेत.]

स्लॅलम कोर्सचे बोये पाण्यात टाकायला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफचा (पोलीस प्रमुखाचा) परवाना लागतो. काठावरची घरं विरोधात गेली तर तो मिळवणं अवघड. पण ही मुलं मे महिन्यात दारोदार जातात ती केवळ परवान्यासाठी नाही. कागदावर सरावाचे वार आणि वेळा आहेत, बोटीची वाट आखलेला नकाशा आहे, आणि खाली क्लबचा फोन नंबर. फोन येतात. बहुतेक गाण्यांबद्दल. स्कीअर बोटीच्या अठरा मीटर मागे असतो. त्याला ऐकू जाईल इतका आवाज ठेवला, तर तो काठावरही जातो. मागच्या उन्हाळ्यात क्लबने बोटीवरचे स्पीकर उतरवून ठेवले.