किल्ली दोन सीटांच्या मधे

श्रोतेहो, नमस्कार.

आज तुम्हाला एका गाडीत बसवायचं आहे. दार उघडा, ड्रायव्हरच्या सीटवर बसा, आणि गाडी सुरू करा. हात सवयीनं स्टिअरिंगपाशी जाईल. तिथे किल्ली लावायची जागाच नाही. डॅशबोर्डवरही नाही. आता खाली बघा, दोन सीटांच्या मधे, गिअरच्या दांड्याजवळ. सापडली?

ही गाडी साब ९९. स्वीडनमधली, घरच्या चार-पाच माणसांची, आटोपशीर सेडान. नाव ऐकून आपल्या कानांना ‘साहेब’ आठवतो, पण त्याचा इथे काही संबंध नाही. ‘स्वेन्स्का एरोप्लान आक्टीबोलाग’, म्हणजे स्वीडिश विमान कंपनी, या नावाची ती आद्याक्षरं आहेत. होय, विमान कंपनी. आणि किल्ली खाली का गेली याचं उत्तर या नावाच्या आसपासच कुठेतरी आहे.

गाडी समोरून आदळली की ड्रायव्हरचं शरीर पुढे फेकलं जातं. गुडघा जिथे आपटतो, नेमकी तिथेच बहुतेक गाड्यांत किल्ली बाहेर आलेली असते. लोखंडाचा तेवढासा तुकडा, पण गुडघ्याची वाटी फोडायला पुरे. साबच्या इंजिनिअरांनी ती तिथून काढली आणि सीटांच्या मधे नेली. तिथे नेल्यावर आणखी एक गोष्ट साधता आली. गाडी रिव्हर्समध्ये टाकल्याशिवाय किल्ली निघत नाही, आणि किल्ली निघाली की गिअर त्याच जागी कुलूपबंद. दुसऱ्या गाड्यांत स्टिअरिंगला कुलूप लागतं, इथे गिअरला. चोराला ती ढकलत न्यायलाही अवघड.

मला या कंपनीची गोष्ट सांगाविशी वाटते ती यासाठीच. ‘सगळे असं करतात’ हे उत्तर त्या माणसांना पुरत नसे.

कंपनी स्थापन झाली १९३७ मध्ये. युरोपवर युद्धाची सावली होती. स्वीडनला तटस्थ राहायचं होतं, आणि तटस्थ राहायचं तर स्वतःची विमानं हवीत, म्हणून ही उठाठेव. येता नदीच्या काठी, मोठ्या धबधब्याशेजारी ट्रोलहेट्टान नावाचं उद्योगांचं गाव आहे. तिथे कारखाना उभा राहिला. दोन वर्षांनी लिनशोपिंग गावची दुसरी एक विमान कंपनी त्यात सामील झाली. युद्धाच्या काळात दोन्हीकडे लढाऊ आणि बाँबफेकी विमानं तयार होत होती. मग युद्ध संपत आलं, आणि प्रश्न पडला की आता इतकी विमानं घेणार कोण? इतके कारागीर, इतके इंजिनिअर, इतक्या यंत्रांचं काय करायचं?

त्यांनी ठरवलं, गाडी करायची. साधी, स्वस्त, छोट्या कुटुंबाला परवडेल अशी. विमानांना ते प्रकल्पाचे क्रमांक देत असत. ९० हे एक प्रवासी विमान होतं, ९१ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान. त्यामुळे पुढचा आकडा मिळाला ९२, आणि तो लागला गाडीला. कुणी बसून नाव शोधलं नाही, विमानांच्या रांगेत गाडी येऊन उभी राहिली.

गट सोळा-एक जणांचा. त्यांतल्या फक्त दोघांकडे गाडी चालवण्याचा परवाना होता, असं साबच्या इतिहासात सांगितलं जातं. प्रमुख होते गुन्नार युंगस्ट्रम, विमानाच्या पंखांवर काम केलेले इंजिनिअर. गाडीचं रूप काढलं सिक्स्टेन सासोन यांनी. सासोन स्वतः वैमानिक होते. विमानाच्या अपघातात त्यांनी एक फुफ्फुस गमावलं, उडणं संपलं आणि हातात पेन्सिल आली. पुढे हासेलब्लाड कॅमेऱ्याचा आकारही त्यांच्याच हातून घडला. फोटोग्राफीची आवड असलेल्या श्रोत्यांना हे नाव सांगायला नको.

भंगारातल्या जुन्या गाड्यांचे भाग आणून, आत एका जर्मन गाडीचं इंजिन बसवून पहिला नमुना १९४६ च्या उन्हाळ्यात उभा राहिला. पत्रा हातानं ठोकून वळवला होता. खाली आधाराला घोड्याच्या लिदीची गादी अंथरून त्यावर तो ठोकला, असं सांगतात. विमानाचा पंख उभा कापला तर जसा दिसेल तशी ती गाडी दिसते. पुढून गोल, मागे निमुळती, चाकंसुद्धा झाकलेली. हा नमुना जंगलातल्या अरुंद, चिखलाच्या रस्त्यांवर, पहाटे नाहीतर रात्री, लोकांच्या नजरेआड पाच लाख किलोमीटरांहून जास्त चालवला गेला. आजही तो आहे. त्याला ‘ऊरसाब’ म्हणतात, म्हणजे मूळ साब.

लोकांसाठीची साब ९२ डिसेंबर १९४९ पासून तयार होऊ लागली. सुरुवातीला एकाच रंगात मिळायची, गडद हिरव्या. विमानांसाठीचा रंग शिल्लक होता, असं त्याचं कारण सांगतात. दोन सिलिंडरांचं, ७६४ सीसीचं, २५ अश्वशक्तीचं इंजिन, आणि ताकद पुढच्या चाकांना. बर्फात पुढची चाकं गाडीला ओढून नेतात, मागची ढकलत बसत नाहीत. स्वीडनच्या हिवाळ्यात हा फरक फार मोठा. डिकीला मात्र झाकण नव्हतं. सामान मागच्या सीटच्या पाठीमागून आत घालावं लागे. सांगाडा जितका अखंड तितका मजबूत, हा विमानाचा हिशेब. पुढे लोकांची अडचण बघून झाकण आलं.

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या इंजिनातली एक गोष्ट तुमच्यापैकी अनेकांच्या चटकन लक्षात येईल. ते टू-स्ट्रोक होतं. आपल्याकडे जुन्या स्कूटर आठवतात ना? पेट्रोल पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल मोजून घालून घ्यायचो. इंजिनाला तेल पोचायचं ते त्या पेट्रोलातूनच. आता विचार करा, अशी गाडी लांबलचक उतारावर आहे. ड्रायव्हरनं अॅक्सिलरेटर सोडला. चाकं जोरात फिरताहेत आणि इंजिनालाही तेवढ्याच वेगानं फिरवताहेत. पण पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे तेलही बंद. कोरडं इंजिन वेगानं फिरणार आणि अडकून बसणार.

यावरचा उपाय सायकलवरच्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. उतारावर पायडल मारायचं थांबवलं तरी चाक फिरत राहतं. ते फ्रीव्हील साबनं गाडीत बसवलं. अॅक्सिलरेटर सोडला की चाकं आपली मोकळी धावायची आणि इंजिन संथपणे, आपल्यापुरतं तेल घेत फिरत राहायचं. याची किंमत अशी की उतारावर इंजिनाचा आवर मिळत नाही, सगळी भिस्त ब्रेकवर. तरी हा उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. स्वस्त, साधा आणि अडचणीच्या मुळावर घातलेला.

याच घराण्यातली तीन सिलिंडरांची साब ९६ घेऊन एरिक कार्लसन नावाच्या धिप्पाड माणसानं १९६० ते १९६२ अशी सलग तीन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली जिंकली. मग १९६२ आणि १९६३ ची माँटे कार्लो रॅलीही. त्याच्यापेक्षा कितीतरी दांडग्या इंजिनांच्या गाड्या मागे राहिल्या. कोपऱ्यावर वेग कमीच करायचा नाही, ही त्याची रीत, कारण एकदा वेग गेला की त्या चिमुकल्या इंजिनाला तो परत मिळवायला वेळ लागे.

आता पुन्हा आपल्या सेडानकडे येतो. साब ९९ लोकांसमोर आली नोव्हेंबर १९६७ मध्ये, स्टॉकहोमला. त्याच वर्षी ३ सप्टेंबरला स्वीडननं रस्त्याची डावी बाजू सोडून उजवी धरली होती. अख्खा देश एका पहाटे बाजू बदलून चालवू लागला. अशा वर्षातली ही गाडी. सासोन यांचं हे शेवटचं मोठं काम. त्याच वर्षी ते गेले.

या गाडीत फिरून बघितलं की प्रत्येक ठिकाणी कुणीतरी आधी विचार करून गेलं आहे असं जाणवतं. पुढची काच खूप वळलेली, जवळजवळ विमानाच्या कॉकपिटसारखी, आणि तिच्या दोन्ही बाजूंचे खांब भक्कम. उत्तरेकडच्या जंगलांत मूस नावाचं प्रचंड मोठं हरीण अंधारात रस्त्यावर येतं. त्याचे पाय उंच असतात. गाडी पायांना धडकते आणि कित्येक क्विंटलांचं धड बॉनेटवरून सरळ काचेवर येतं. त्या वेळी आतल्या माणसांना वाचवायला ते खांबच असतात. दरवाजे खालपर्यंत उतरलेले, उंबऱ्यासकट झाकणारे. त्यामुळे बर्फाचा आणि मिठाचा राडा उंबऱ्यावर साचत नाही, आणि उतरताना कपड्यांना लागत नाही. १९७० मध्ये हेडलाइटना वायपर आले. बर्फाच्या चिखलानं दिवे झाकले गेले तर काच कितीही स्वच्छ असली तरी दिसणार काय? पुढच्याच वर्षी ड्रायव्हरची सीट विजेवर गरम होऊ लागली, थंडी वाढली की आपोआप. पाठ आखडलेला माणूस नीट गाडी चालवू शकत नाही, एवढा साधा त्यातला विचार.

आणि मग टर्बो. १९७७ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९९ टर्बो दिसली. इंजिनातून वाया जाणाऱ्या धुरानं एक पंखा फिरवायचा आणि त्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबायची, ही युक्ती जुनी होती. विमानांत होती, ट्रकमध्ये होती, शर्यतीच्या गाड्यांत होती. पण त्या गाड्यांत ताकद यायची ती इंजिन भन्नाट फिरू लागल्यावर, आणि आली की एकदम यायची. घरच्या माणसाच्या कामाची नाही. साबच्या पेर यिलब्रांड यांनी उलटा विचार केला. लहान टर्बो घ्यायचा, म्हणजे तो लवकर फिरू लागेल, आणि दाब वाढला की जादा धूर बाजूनं सोडून देणारी झडप ठेवायची. मुलंबाळं मागे बसलेली आहेत, पुढे ट्रक आहे, त्याला पटकन मागे टाकून आपल्या बाजूला यायचं आहे. नेमक्या तेवढ्या वेळेपुरती ताकद. दोन लिटरचं इंजिन १४५ अश्वशक्ती देऊ लागलं. पुढे त्यांनी इंजिनाची ‘ठकठक’ ऐकणारा सेन्सर बसवला. पेट्रोल हलकं असलं तर तो ओळखायचा आणि दाब आपोआप कमी व्हायचा.

९९ च्या पोटातूनच १९७८ मध्ये साब ९०० आली. तिच्यावर वेगळं भाषण करावं लागेल. नऊ लाखांहून अधिक विकल्या गेल्या एवढंच आज सांगतो.

पुढची गोष्ट सांगताना जीव थोडा जड होतो. लहान देशातली, थोड्या गाड्या करणारी कंपनी एकटी टिकेना. अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं तिच्या गाड्यांच्या धंद्यातला १९९० मध्ये निम्मा आणि २००० मध्ये उरलेला हिस्सा घेतला. आता गाडीचा सांगाडा इतर ब्रँडांबरोबर वाटून घ्यायचा होता. २००२ मध्ये आलेली नवी साब ९-३ सेडान अशाच सामाईक सांगाड्यावर उभी होती. ट्रोलहेट्टानच्या माणसांनी त्यातही इतके बदल केले, मागच्या चाकांची बैठक बदलली, आतलं कितीतरी बदललं, की खर्च वाचायचा तेवढा वाचला नाही. हिशेबाच्या वहीत ही चूकच होती. मला मात्र त्या माणसांबद्दल मायाच वाटते. त्या गाडीत एक बटण होतं. रात्री ते दाबलं की डॅशबोर्ड विझायचा, फक्त वेगाचा काटा उजळत राहायचा. पेट्रोल कमी झालं, काही बिघडलं, तर तेवढीच तबकडी आपोआप उजळायची. रात्रीच्या वैमानिकाला नको तो प्रकाश डोळ्यांत नको असतो, हे कारखान्यात अजून कुणालातरी आठवत होतं.

२००९ मध्ये जनरल मोटर्स स्वतःच दिवाळखोरीत गेली. २०१० मध्ये साब हॉलंडच्या स्पायकर या छोट्या कंपनीकडे गेली. २०११ च्या वसंतात सुट्या भागांचे पैसे थकले आणि कारखान्याचा पट्टा थांबला. १९ डिसेंबर २०११ ला दिवाळखोरी जाहीर झाली. नाताळला सहा दिवस होते. गावात हजारो घरांची चूल त्या कारखान्यावर होती. नंतर नव्या मालकांनी ९-३ पुन्हा काही महिने बनवली, पण २०१४ नंतर साब हे नाव गाडीवर लागलं नाही. विमानं करणारी मूळ कंपनी वेगळी होती, ती आजही लढाऊ विमानं बनवते.

दिवाळखोरीत सगळं विकायला निघतं. कंपनीचं संग्रहालयही निघालं. ऊरसाब, रॅलीतल्या गाड्या, कधीच बाजारात न आलेले नमुने, सगळं. एकेक गाडी एकेका श्रीमंताच्या गॅरेजात गेली असती. पण जानेवारी २०१२ मध्ये ट्रोलहेट्टानची नगरपालिका, विमानवाली साब आणि वालेनबर्ग या स्वीडिश उद्योगपती घराण्याची एक संस्था एकत्र आली आणि त्यांनी तो संग्रह अख्खा विकत घेतला. ज्या गावातल्या इतक्या माणसांची नोकरी नुकतीच गेली होती, त्या गावानं या खरेदीत हात घातला.

संग्रहालय ट्रोलहेट्टानमध्येच आहे आणि उघडं आहे. ऊरसाबही तिथेच आहे. लोकांना बघता यावी म्हणून.

नमस्कार.