तराजू आणि मतपेटी

मंडळी, तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या आजोबांनी सोलापूरच्या जुन्या गिरणीत, लक्ष्मी-विष्णू गिरणीत साचे चालवलेत. कापूस गाठीतून बाहेर पडल्यावर त्याचं काय होतं, हे या गावाला सांगायची गरज नाही. मला आज तो वेचणाऱ्या एका काळ्या बाईबद्दल बोलायचं आहे. फॅनी लू हेमर. जन्म 1917, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, वीस भावंडांत सगळ्यात धाकटी.

सहा वर्षांची असताना मळ्याच्या मालकानं तिला विचारलं, तीस पौंड कापूस वेचशील का? वेचलास तर दुकानातला खाऊ देतो. पोरीनं वेचला. पुढच्या आठवड्यात मालकानं साठ सांगितला. तिथून ती त्या कापसातून बाहेर पडली ती थेट चव्वेचाळिसाव्या वर्षी.

वाट्यानं शेती करायची, बी-बियाणं आणि किराणा मालकाकडून उधार घ्यायचा, आणि हंगामाच्या शेवटी हिशेबात काहीच उरायचं नाही. त्यात काटाही मालकाचाच, आणि तो मारलेला. हेमरबाई लिहितावाचता येणाऱ्या, म्हणून पुढे त्या मळ्यावर मजुरांच्या नोंदी ठेवू लागल्या. तेव्हा त्यांनी काय केलं? मालकाची पाठ वळली की त्याचं खोटं वजन काढून स्वतःजवळचं खरं वजन त्या काट्याला लावायच्या. माझी आई बिड्या वळायची. छाटीत, म्हणजे खराब ठरवून, किती बिड्या जातील या धास्तीनं कारखान्याच्या दारात तिचा चेहरा कसा व्हायचा, ते मी पाहिलंय. म्हणून त्या वजनापाशी मी दर वेळी थांबते.

1961 मध्ये एका लहानशा शस्त्रक्रियेसाठी त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी त्यांना न विचारता गर्भाशयच काढून टाकलं. यावर मी जास्त बोलणार नाही. बोलता येत नाही.

काळ्या माणसाला मत देता येतं, हे त्यांना पहिल्यांदा कळलं 1962 साली. आपल्याकडे 1952 लाच पहिली निवडणूक झाली होती. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही मत टाकता यावं म्हणून आपण पेट्यांवर चिन्हं लावली. मिसिसिपीत उलटं. वाचता येणाऱ्या बाईपुढे राज्यघटनेचं कलम ठेवायचं आणि म्हणायचं, अर्थ लिही. 31 ऑगस्ट 1962 ला अठरा जण बसनं इंडियनोलाला नोंदणीसाठी गेले. हेमरबाई नापास झाल्या. परतताना पोलिसांनी बस अडवली. गुन्हा काय, तर बसचा रंग चुकीचा! दंड भरूनच सुटका.

घरी पोचतात तो मालक दारात. अर्ज मागे घे, नाहीतर मळा सोड. बाईंचं उत्तर असं की, अर्ज तुमच्यासाठी केलाच नव्हता, माझ्यासाठी केला होता. अठरा वर्षांचं काम आणि छप्पर त्या रात्री गेलं. दहा दिवसांनी, त्या उतरल्या होत्या त्या घरावर गोळ्या झाडल्या. जानेवारी 1963 मध्ये त्या परीक्षा पास झाल्या, तर मतदानाला गेल्यावर विचारणा झाली: मत देण्यासाठी भरायच्या कराच्या दोन वर्षांच्या पावत्या कुठायत?

त्याच वर्षी जूनमध्ये विनोना गावी एका प्रशिक्षणाहून परतताना त्यांना अटक झाली. तुरुंगात पोलिसांनी दोन काळ्या कैद्यांच्या हाती दंडुका देऊन त्यांना मारायला लावलं. मूत्रपिंड दुखावलं, एका डोळ्याची दृष्टी अधू झाली. हे दोन कैद्यांचं मला फार लागतं. मारणाराही आपलाच निवडायचा, ही युक्ती आपल्या समाजाला नवी नाही.

22 ऑगस्ट 1964. अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनातल्या समितीपुढे बाईंनी हे सगळं सांगितलं. मिसिसिपीचं फक्त गोऱ्यांचं शिष्टमंडळ अधिवेशनात बसवू नका, काळ्यांनाही घेणाऱ्या आमच्या शिष्टमंडळाला बसवा, ही मागणी. त्यांचं बोलणं सुरू असतानाच अध्यक्ष जॉन्सन यांनी पत्रकार परिषद घेतली आणि दूरचित्रवाणीचे कॅमेरे तिकडे वळले. पण त्याच रात्री वाहिन्यांनी बाईंचं बोलणं बातम्यांत दाखवलं आणि देशानं ऐकलं. शेवटी पक्षानं दोन जागा देऊ केल्या. मोठमोठे नेते म्हणाले, घ्या. बाई म्हणाल्या, दोन जागांसाठी आम्ही एवढ्या लांब आलो नाही. मला वाटतं, त्यांचंच बरोबर होतं. पुढच्या वर्षी मतदान हक्काचा कायदा झाला, आणि 1968 च्या अधिवेशनात त्या प्रतिनिधी म्हणून बसल्या.

मत मिळालं म्हणून त्या घरी बसल्या नाहीत. मतदार यादीत नाव घातलं की मजुराला मळ्यावरून हाकलत, आणि मग चूल बंद. म्हणून 1969 मध्ये फ्रीडम फार्म ही सहकारी शेती उभी केली. सुरुवात चाळीस एकरांनी, मग शेकडो एकर. सोबत डुकरांची बँक. आपल्याकडे शेळी अर्धलीनं देतात ना, तसंच काहीसं: मादी पाळायला न्यायची, व्याली की ती परत, आणि पिलांतली काही दुसऱ्या गरीब घरी. भाजीपाला, मका, डाळी आधी घरात, मग बाजारात.

पैशाअभावी ती बहुतेक जमीन पुढे हातातून गेली. 14 मार्च 1977 ला, एकोणसाठाव्या वर्षी, कर्करोगानं हेमरबाई गेल्या. रूलव्हिल गावात, त्या फार्मनं विकत घेतलेल्या जमिनीतच त्यांना पुरलं आहे.