मरेपर्यंत मारलं तरच तुरुंग?

नमस्कार मंडळी. समजा, तुमच्या सोसायटीत कुणीतरी झोपलेल्या कुत्रीवर उकळतं पाणी ओतलं. पाठीची कातडी सोलून निघाली, पण ती वाचली. तुम्ही व्हिडिओ घेऊन पोलीस ठाण्यात गेलात. हातात काय पडतं? बहुतेक वेळा एनसी. म्हणजे अदखलपात्र गुन्हा, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही.

आपला प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. नृत्यांगना आणि खासदार रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विषय लावून धरला, म्हणून तो झाला. पण कलम ११ मधला कमाल दंड तेव्हापासून तोच आहे, पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये! तीन वर्षांत पुन्हा केलं, तर १०० रुपयांपर्यंत दंड किंवा फार तर तीन महिने कैद, किंवा दोन्ही.

मग पहिल्याच गुन्ह्याला तुरुंग नाहीच का? आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५. प्राण्याला ठार मारलं, विष घातलं, अपंग किंवा निकामी केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद. जुन्या दंडविधानात आधी जनावराची किंमत बघायचे. १ जुलै २०२४ पासून ती अट गेली, हे चांगलंच झालं. पण भाजलं, उपाशी बांधून ठेवलं, रोज मारलं आणि तरी जनावर चालतं-फिरतं राहिलं, तर पुन्हा ५० रुपये. नुसत्या वेदनेला कायद्यात किंमतच नाही, आणि याचाच मला संताप येतो.

जाणूनबुजून छळ करणाऱ्याला तुरुंग हवाच, आणि गुन्हा दखलपात्र हवा. केंद्राने नोव्हेंबर २०२२ मध्ये तसा मसुदा काढला होता. अजून त्याचा कायदा झालेला नाही.

सरसकट सगळ्यांना आत टाका, हे मात्र मला पटत नाही. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहा. जू घासून बैलाचा खांदा सोललेला, त्यावर माश्या, तोंडाला फेस, आणि चढ आला की मागून पराणी. नियमाने जनावर दिवसाला नऊ तासांच्या वर जुंपता येत नाही, सलग पाच तासांच्या वर नाही. पण तो गाडीवान मुकादमाच्या उचलीत, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशात, अडकलेला असतो, पैसे टनावर मिळतात. त्याला तुरुंगात घातलं तर त्या बैलांना वैरण कोण घालणार? तिथे आधी भार उतरवा, बैलावर उपचार करा, आणि ओव्हरलोड गाडी वजनकाट्यावर घेणाऱ्या कारखान्याला जाब विचारा.

आता तुमच्या कामाचं. जनावराचा पाय मोडला असेल, डोळा गेला असेल, तर एनसीवर परत येऊ नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून जखमेचा दाखला घ्या आणि तक्रारीत कलम ३२५ लिहून द्या. आणि उशीर करू नका: १९६० च्या कायद्याखाली खटला घटनेपासून तीन महिन्यांच्या आतच दाखल करता येतो.