शिक्क्याचं पान

नमस्कार, श्रोतेहो. मी गेली 19 वर्षं पुण्यात मराठी पुस्तकं प्रकाशित करते. आमचा व्याप लहान आहे. वर्षाला सात-आठ पुस्तकं, एकेकाच्या हजार प्रती, कधी पाचशेच.

गेल्या वर्षी एकदा रात्री साडेदहाला आमच्या एका लेखिकेचा फोन आला. सातारा जिल्ह्यातल्या निवृत्त शिक्षिका. "ताई, माझी कादंबरी माझ्याच मोबाईलवर आलीय," म्हणाल्या. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ टाकली होती. खाली 'धन्यवाद', 'पुढे पाठवतो' आणि जोडलेले हात.

त्यांनी ती मला पाठवली. पान न् पान मोबाईलने टिपलेलं होतं. चाळिसाव्या पानाच्या कोपऱ्यात पान दाबून धरलेला अंगठा दिसत होता, नखावर उतरत आलेली मेंदी. आणि पहिल्याच पानावर सार्वजनिक वाचनालयाचा जांभळा गोल शिक्का, शेजारी शाईने लिहिलेला दाखल क्रमांक.

त्या शिक्क्याकडे मी बराच वेळ बघत राहिले. ती प्रत वाचनालयाने विकत घेतली होती. पन्नास जणांनी ती पाळीपाळीने घरी नेली असती तर आम्हाला आनंदच झाला असता. वाचनालय असतंच त्यासाठी. पण एका प्रतीची हजारो माणसांसाठी नक्कल निघाली, तेव्हा ते पुस्तक लिहिणाऱ्या बाईंना कुणी विचारलंसुद्धा नाही.

ती कादंबरी 22 फर्म्यांची आहे. सोळा पानांची एक जुडी म्हणजे एक फर्मा, तेव्हा 352 पानं. बाईंनी ती चार वर्षं लिहिली. आम्ही तीन वेळा मुद्रितं तपासली. किंमत 400 रुपये, मानधन दहा टक्के. एका प्रतीमागे 40 रुपये. हजाराच्या हजार प्रती खपल्या तर चार वर्षांच्या कामाचे 40 हजार.

मला अनेक जण म्हणतात, "अहो, ज्ञान दिल्याने वाढतं. आणि पीडीएफ घेतली म्हणून तुमचं पुस्तक थोडंच कमी होतं?" हा प्रश्न मी टाळत नाही. सायकल चोरीला गेली तर मालकाकडे सायकल उरत नाही. पुस्तकाचं तसं नाही, हे खरं. म्हणूनच कायदा याला चोरी न म्हणता कॉपीराइटचा भंग म्हणतो. ज्ञानही तो अडवत नाही. पुस्तकातला विचार कुणीही घ्यावा, त्यावर बोलावं, त्याच्या विरुद्ध लिहावं. राखलेली असते ती लेखकाची शब्दरचना, आणि तीही ठरावीक काळापुरती. शेताचा सातबारा पिढ्यान् पिढ्या चालतो. आपल्याकडे पुस्तकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी संपतो आणि पुस्तक सगळ्यांचं होतं. साने गुरुजी 1950 साली गेले. 2011 च्या 1 जानेवारीपासून 'श्यामची आई' कुणालाही छापता येते, आणि अनेकांनी ती छापली. मला हा करार न्याय्य वाटतो. मुदत संपेपर्यंत लेखकाचं राखायचं, मग लोकांना द्यायचं. तो पाळून घेणं हे सरकारचं काम आहे, आणि पाळून घ्यायचा तर दोन्ही बाजूंनी.

पहिली बाजू शिक्षेची. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात जाणूनबुजून केलेल्या भंगाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड आहे. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारणं नोंदवून शिक्षा कमी करू शकतं. हे मला पटतं. मेंदीच्या अंगठ्याची ती मुलगी तुरुंगात जावी असं मला मुळीच वाटत नाही. पण आपल्या महाराष्ट्रात झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाल्यांसाठी केलेला एमपीडीए कायदा आहे. त्यात 2009 साली व्हिडिओ पायरसी करणारेही घातले गेले. या कायद्याखाली माणसाला खटला न चालवता वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. चित्रपटवाल्यांचं नुकसान मोठं असतं, मान्य आहे. तरीही माझा हक्क राखण्यासाठी कुणाला खटल्याशिवाय कोंडा, असं मी सरकारला कधीही सांगणार नाही. त्यापेक्षा दिल्ली उच्च न्यायालयाने 2022 साली धरलेली वाट योग्य आहे. क्लासचं साहित्य चोरून वाटणारी चॅनेल चालवणारे कोण आहेत, ते न्यायालयाने टेलिग्रामला उघड करायला लावलं.

दुसऱ्या, लोकांना देण्याच्या बाजूबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाच्या प्रती प्रकाशकाने 30 दिवसांत स्वखर्चाने द्यायच्या असतात. एक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, बाकीच्या मुंबई, चेन्नई आणि दिल्लीला. आम्ही दर वेळी ती पार्सलं बांधतो. मी स्वतः सुतळीच्या गाठी मारल्या आहेत. म्हणजे लेखकाचं रक्षण करतो म्हणणारं सरकार प्रत्येक पुस्तक आधी स्वतःकडे घेतं. मग ज्या पुस्तकाची मुदत संपली, ते वाचकाला घरबसल्या मिळवून देणं कुणाचं काम? जे पुस्तक बाजारात विकत मिळतच नाही, त्याच्या तीन प्रती सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःसाठी काढून ठेवता येतात, हीही तरतूद कॉपीराइट कायद्यात आहे. गावोगावच्या ग्रंथपालांपर्यंत ती कुणी पोचवली? आमच्याकडे पीडीएफ मागणाऱ्यांपैकी कितीतरी जण पैसे द्यायला तयार असतात. त्यांना पुस्तकच मिळत नाही.

गेल्या महिन्यात असेच एक कीर्तनकार दुकानी आले. नारदीय कीर्तनावरचं 1956 साली निघालेलं एक पुस्तक त्यांना हवं होतं. लेखक 1961 साली वारले, तेव्हा 2022 पासून ते सगळ्यांचं आहे. अप्पा बळवंत चौकातली सगळी दुकानं त्यांनी पालथी घातली होती. शेवटी कुठूनतरी मिळालेली पीडीएफ त्यांनी मला फोनवर दाखवली. 32 व्या पानानंतर एकदम 49 वं पान. स्कॅन केलेल्या प्रतीतला तिसरा फर्माच निखळलेला. "पूर्वरंग नेमका त्यातच आहे हो," ते म्हणाले. पूर्वरंग म्हणजे कीर्तनाचा पहिला भाग.

कायद्याप्रमाणे त्या पुस्तकाची एक प्रत कोलकात्याला असायला हवी, आणि एक इथे मुंबईला. त्यांना मी ग्रंथालयाचा पत्ता लिहून दिला आहे, आणि ती 16 पानं मिळावीत म्हणून एक अर्ज माझ्याही सहीने पाठवला आहे.