अल्बममधले चार फोटो

नमस्कार, श्रोतेहो. घरातल्या माणसाला शिक्षा झाली की नातेवाईक वकिलाला विचारतात, "साहेब, वरच्या कोर्टात काय सांगायचं?" नुसतं "तो निर्दोष आहे" म्हणून भागत नाही. पुरावा कसा गोळा झाला आणि कोणता बाजूला ठेवला गेला, ते दाखवावं लागतं.

एक प्रकरण मी नेहमी सांगतो. जून २००३. नाशिकजवळ पेरूच्या बागेतल्या झोपडीवर रात्री दरोडा पडला, पाच जणांचा जीव गेला. त्या घरातली आई मात्र वाचली. पोलिसांनी तिच्यापुढे सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम ठेवला. तिने चार फोटोंवर बोट ठेवलं : हेच ते. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांनी तिचा जबाबही घेतला.

मग काय झालं? त्या चौघांचा तपास पुढे सरकलाच नाही. पकडले गेले भलतेच सहा जण, भटक्या जमातीतले मजूर. पुढे ओळख परेड झाली, बाईंनी त्यांना ओळखलं, सेशन्स कोर्टाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. त्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता!

५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने, फेरविचारात, सगळ्यांना निर्दोष सोडलं. अल्बममधल्या ओळखीची गोष्ट सरकार पक्षाने दडवली, तपास प्रामाणिक नव्हता, असं न्यायालय म्हणालं. प्रत्येकाला पाच लाख भरपाई. तुरुंगातल्या सोळा वर्षांची!

  

आता कामाचं. सेशन्स कोर्टाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साठ दिवस. पुन्हा सांगतो, साठ दिवस. फाशी असेल तर तीसच. निकालाची प्रत मिळायला लागलेले दिवस यात धरत नाहीत. उशीर झालाच तर कारण देऊन तो उशीर माफ करावा असा अर्ज करता येतो. वकील परवडत नसेल तर तुरुंग अधीक्षकांमार्फत विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा, वकील मोफत मिळतो. निकालाची प्रतही आरोपीला फुकट मिळते, तिच्यासाठी कुणाला पैसे देऊ नका.